स्मरणगोळा

शत्रूचा गोळा अखंड हाती लागण्याची सांजवाडीच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ होती, आणि तो पाहायला प्रयोगशाळेत माणसे होती तीनच. बाकी सगळ्यांना संरक्षणप्रमुख धुरंधरांनी बाहेर थोपवून धरले होते. गोळ्यातून काही भलतेसलते निघाले तर कमीत कमी माणसे जावीत, असा त्यांचा विचार. स्वतः मात्र ते सर्वांत पुढे होते. माणूस हेकट होता पण भित्रा नव्हता, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

सांजवाडी म्हणजे आतून पोखरलेला एक लघुग्रह. तो स्वतःभोवती फिरत राही, त्यामुळे आतल्या भिंतीवर राहणाऱ्या माणसांना वजन मिळे. मधोमध, अक्षावर मात्र कशालाच वजन नसे. प्रयोगशाळा तिथेच होती. तारांच्या झेलजाळ्यात गुरफटलेला, एक अख्खी खोली व्यापेल एवढा काळा दगड तिथे अधांतरी तरंगत होता. हे जाळे हेमांगी राजोपाध्ये यांनी भांडून करून घेतले होते. त्या वस्तीच्या कक्षातज्ज्ञ. आकाशात काय कुठून येते आणि कुठे जाते याचे गणित मांडणे हे त्यांचे काम. एक तरी गोळा न फोडता पकडा, म्हणजे तो कुठल्या खाणीतला आहे ते कळेल आणि शत्रू कुठे बसलाय तेही कळेल, असे त्या वर्षानुवर्षे सांगत होत्या. संरक्षण मंडळाचे उत्तर ठरलेले असे : विंचू कोणी हाताने धरतो का?

"खाणीचं बघा आता, असलमभाई," त्या म्हणाल्या.

असलम मुजावर खडकांचे जाणकार. वस्तीच्या भिंतीची जाडी तपासत हिंडणे हा त्यांचा रोजचा उद्योग, म्हणून लोक त्यांना प्रेमाने भिंतवैद्य म्हणत. दोरीला धरून ते दगडाभोवती फिरू लागले, मध्येच थांबले, ब्रशने धूळ झटकली, आणि मग तीच जागा पुन्हा पुन्हा झटकू लागले.

"काय झालं?"

"ताई, तुम्हीच या इकडे. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना झालाय."

दगडाच्या पलीकडच्या अंगाला सुबक अक्षरांत कोरलेले होते : कै. दाजीबा सातपुते यांच्या स्मरणार्थ. आणि खाली, जरा लहान अक्षरांत : उदयनगर.

धुरंधरांनी ते वाचले आणि त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. "बघा! बघा हा माजोरडेपणा! आपले नेम चुकलेले गोळे वेचायचे आणि आपल्यालाच मारायचे! मेलेल्या माणसाच्या नावाचीसुद्धा लाज नाही यांना!"

त्या घटकेला तिघांनाही तेच खरे वाटले होते.

मेलेल्या माणसाचे नाव तोफगोळ्यावर कसे गेले, हे सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही.

सूर्याभोवतीच्या एकाच कक्षेत, एकीमागे एक चाललेल्या अशा पाच वस्त्या होत्या. सर्वांत पुढे उदयनगर, सर्वांत मागे सांजवाडी, मध्ये आणखी तिघी. या तिघींना सगळे मधल्या बहिणी म्हणत. बाहेरच्या थंड पट्ट्यात बर्फ खणणारे हिमाडीचे लोक राहत. बर्फावरून त्यांचे आणि वस्त्यांचे बिनसले आणि तिकडून दगड येऊ लागले. सुरुवातीला रक्षणाला पृथ्वीची तैनाती फौज होती. पुढे पृथ्वीला तो भार नकोसा झाला. तुमचे रक्षण तुम्ही करा आणि त्याचा खर्च आपसांत वाटून घ्या, असे सांगून फौज निघून गेली. जाताना प्रत्येक वस्तीला एकेक चुंबकतोफ देऊन गेली, आणि एक नियम घालून गेली. तोफेत खडी भरायची. मुठीएवढ्या खड्यांचा लोट येणाऱ्या दगडावर सोडला की दगड आपल्या वाटेवरून ढळतो.

आता खडीला दगड लागतो. आसपासचे सुटे दगड तर लवकरच संपले. मग उरली ती वस्तीची स्वतःची भिंत. ही भिंत नुसती भिंत नव्हे. अवकाशातून सतत येणारे विश्वकिरण तीच अडवते. भिंत जितकी पातळ, तितके किरण आत, आणि त्यांचा पहिला घाव बसतो पोटातल्या बाळावर. संरक्षणाचा खर्च प्रत्येक वस्तीला असा आपल्या भिंतीतून काढून द्यायचा होता.

उदयनगर म्हणाले, आमच्यावर कधी हल्लाच होत नाही, आम्ही का द्यावे? सभा झाल्या, ठराव झाले, एकदोन उपोषणेही झाली. उत्सवाची वर्गणी म्हटली की चढाओढ करणारी माणसे खडीची वर्गणी म्हटली की घरी नसत. अखेर उदयनगरचे तेव्हाचे अध्यक्ष भाऊसाहेब कानविंदे यांनी लोकांची नाडी ओळखली. ते म्हणाले, आपला माणूस देवळाला पायरी देतो, शाळेला बाक देतो, साधा पंखा दिला तरी पात्यावर बापाचे नाव घालून देतो. खडीवर नाव घालता येत नाही, खरी अडचण ही आहे. अखंड गोळा घ्या, त्यावर नाव कोरू द्या, आणि मग बघा.

आणि खरोखरच रांगा लागल्या. वर्षश्राद्धाला स्मरणगोळा देण्याचा रिवाजच पडून गेला. कोणाचा गोळा मोठा यावरून भावकीत रुसवेफुगवे होऊ लागले. शिवाय गोळ्याला खडीपेक्षा दगडही कितीतरी कमी लागे, मग काय विचारता! कोणत्याही वस्तीवर हल्ला आला की पाचही वस्त्यांच्या तोफा एकदम सुटत. पुष्कळ नेम चुकत, पण दहांतला एखादा लागे आणि तेवढ्यावर भागत असे. पाच घरांनी एका छपराचा भार कसा उचलावा, याचे उदाहरण म्हणून शाळेत मुलांना हेच शिकवत.

हेमांगीबाईंनाही तेच शिकवले होते, आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. फक्त वाटणी त्यांना पटत नव्हती. हल्ले सर्वांत जास्त सांजवाडीवर, म्हणून दगडही सर्वांत जास्त सांजवाडीनेच द्यायचा, असा करार होता. परिणामी तिची भिंत सर्वांत पातळ झाली होती. गरोदर बायकांना वस्तीच्या पोटात, गाभारा म्हणत त्या दुहेरी आवरणाच्या खोल्यांत, नऊ महिने काढावे लागत. हेमांगीबाईंची मुलगी ऋचा तिथेच होती. तिचे पहिले बाळ राहिले नव्हते. हे दुसरे.

म्हणून तर पुढच्या वस्त्यांचा वाटा वाढावा यासाठी त्या इतकी वर्षे भांडल्या. सभांतून बोलल्या, पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवले, नको त्या माणसांना नमस्कार केले. आणि अलीकडेच उदयनगरने दुप्पट गोळे सोडायचे कबूल केले होते. सांजवाडीने त्याबद्दल हेमांगीबाईंचा शालश्रीफळ देऊन सत्कार केला, आणि त्या सभेत बोलताबोलता रडल्या होत्या.

आता दाजीबांच्या गोळ्याने त्यांची झोप उडवली. तो केव्हा आणि कुठल्या दिशेला सोडला होता, ते त्यांनी उदयनगरकडून विचारून घेतले. गणित मांडले, मोडले, पुन्हा मांडले. मग त्या असलमभाईंच्या घरी गेल्या.

"चहा टाकू?"

"नको. मी एक सांगते, चुकत असेन तिथे मला अडवा. दाजीबांचा गोळा माझ्या जन्माच्याही आधी सुटलाय. सरळ बाहेरच्या दिशेला, सूर्याकडे पाठ करून. नेम चुकला. मग तो गेला कुठे?"

"गेला असेल अवकाशात."

"अवकाशात म्हणजे कुठे? सूर्य सोडतोय होय त्याला! तोही आपल्यासारखाच सूर्याभोवती फिरायला लागला, जरा वेगळ्या कक्षेत, एवढंच. आणि कक्षेचा नियम तुम्हाला माहीत आहे. जिथून गोळा सोडला, त्या जागेवरून त्याची कक्षा पुन्हा जाणारच. फेरी पुरी झाली की तो परत त्याच जागी येतो."

असलमभाई विचारात पडले. "मग तो उदयनगरच्याच डोक्यात पडायला हवा. आपल्यावर का येईल?"

"कारण तोफेनं त्याला थोडी जास्त ऊर्जा दिली. जास्त ऊर्जा म्हणजे मोठी कक्षा. मोठी कक्षा म्हणजे लांबलेली फेरी. तो परत येईस्तोवर उदयनगर त्या जागेवरून पुढे निघून गेलेलं असतं. दर फेरीला तो आणखी थोडा मागे पडतो. उदयनगरच्या मागे कोण आहे?"

"मधल्या तिघी."

"आणि त्यांच्या मागे?"

असलमभाई म्हणाले, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे शहाणा कोणीच नाही, आणि ठेच तेवढी मागच्याला."

"आणखी ऐका. बाहेर मारलेला गोळा परततो तो आतल्या बाजूनं, सूर्याकडून. मग आपण आतल्या दिशेला मारतो. तो चुकलेला परततो बाहेरून. धुरंधरसाहेब पोरांना 'शत्रूची सूर्याआडची कपटनीती' म्हणून शिकवतात ना, ती हीच."

"आणि हिमाडीचे लोक?"

"त्यांचा शेवटचा खरा दगड कधी आला, ते आता सांगता यायचं नाही. उठून गेले असतील. मेलेही असतील बिचारे. आपण मात्र लढतोय. एक गोळा अडवायला दहा सोडतो, त्यातले नऊ चुकतात, आणि ते नऊ शत्रू होऊन परत येतात."

"पण फौजेच्या इंजिनियरांना हे कळलं नाही?"

"कळलं होतं! म्हणून तर खडी सांगितली त्यांनी. खड्याखड्याचा वेग निराळा, वाट निराळी. थोड्या फेऱ्यांत ती इतकी पांगते की अंगावर आली तरी नुसता कचकचाट. त्यांचं गणित अगदी बरोबर होतं, असलमभाई. आपण खडीच्या जागी गोळा घातला आणि गणित तेच ठेवलं. का, तर नाव घालता यावं!"

त्या हसू लागल्या. हसताहसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी दुप्पट मागितले हो. हात जोडून मागितले."

असलमभाईंनी चहा टाकला. कोणी प्यायले नाही, पण काहीतरी करायला हवे होते.

"पुढच्यांनी गोळे सोडणं आज बंद केलं तर?" त्यांनी विचारले.

"तर नवीन शत्रू जन्माला येणार नाही. पण जे सुटलेत ते येतच राहणार. मोठा थवा दोन महिन्यांत येतोय. तो आपल्या एकट्याच्या तोफेनं अडवायचा, म्हणजे दगड आपल्याच भिंतीचा."

भिंतवैद्यांना आकडे बघायची गरज पडली नाही. "मग गाभारासुद्धा उरत नाही, ताई. तुम्हाआम्हाला चालून जाईल. पोटातल्या बाळाला नाही चालणार. ऋचाला कितवा?"

"पाचवा."

पेच म्हटला तर सरळ होता. हेमांगीबाई गप्प बसल्या असत्या तर पुढच्या वस्त्यांनी ठरल्याप्रमाणे दुप्पट गोळे सोडले असते, सांजवाडीची भिंत वाचली असती, ऋचाचे बाळ जन्मले असते. आणि ते मोठे झाल्यावर तेच दुप्पट गोळे त्याच्यावर आले असते. बोलल्या असत्या तर पुढे जन्मणारे कदाचित वाचले असते, पण ते बाळ नाही. गप्प बसायचा विचार त्यांच्या मनात आला नाही असे मुळीच नाही. तो आला, आणि चांगला मुक्कामाला राहिला. शेवटी त्यांनी गाभाऱ्यात जाऊन ऋचालाच सगळे सांगितले.

ऋचा पोटावर हात ठेवून ऐकत होती. "आई, तू माझ्यासाठी गप्प बसायचं म्हणतेयस?"

"हो."

"आणि हा मोठा झाला की काय सांगशील? बाळा, हे तुझ्या डोक्यावर येतायत ना, ते आजीनं मागून घेतलेले आहेत?"

हेमांगीबाई तिच्या पोटावरच्या हाताकडे बघत राहिल्या.

"सांगून टाक त्यांना," ऋचा म्हणाली. "माणसंच आहेत ना तीही. गोळे सोडू नका म्हणावं, तो दगड आम्हाला पाठवा. नौकेत घालून पाठवा. आपण भिंतीला लावू. त्यांनाही तेवढाच द्यायचाय आणि आपल्यालाही तेवढाच हवाय."

इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचे हेमांगीबाईंना नवल वाटले. दगड तोच, द्यायचा तेवढाच, फक्त तोफेतून न देता हातात द्यायचा. गाभाऱ्यातून बाहेर पडताना त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

पाचही वस्त्यांची सभा पडद्यांवरून भरत असे. अध्यक्षपदी उदयनगरच्या यशोधरा कानविंदे होत्या, भाऊसाहेबांची नात. हेमांगीबाईंनी सर्व मांडले. उदयनगरच्या कक्षातज्ज्ञांनी सभा तहकूब करून ते तपासले, आणि परत येऊन म्हणाले की यात चूक काढता येत नाही. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

यशोधराबाई उभ्या राहिल्या. "हेमांगीताई, अभिनंदन. तुम्ही युद्ध संपवलंत!"

"युद्ध नव्हतंच—"

"तेच म्हणतेय मी. शत्रूच नाही म्हटल्यावर संरक्षण कसलं? उदयनगर आजपासून एकही गोळा सोडणार नाही. तुमच्याच गणिताप्रमाणे आमची मदत म्हणजे तुमच्यावरचा हल्ला. बरोबर ना?"

"बरोबर," हेमांगीबाई म्हणाल्या. दुसरे काय म्हणणार, ते बरोबरच होते. "पण आधी सुटलेले गोळे आहेत. ते यायचे थांबणार नाहीत. ते अडवायला आम्हाला दगड लागेल. म्हणून विनंती आहे की गोळे सोडू नका, तो दगड आम्हाला पाठवा."

"कुठल्या कलमाखाली?" मधल्या एका वस्तीच्या प्रतिनिधीने विचारले. "करार शत्रूविरुद्धच्या मदतीचा आहे. शत्रू नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"माणुसकी म्हणून द्या."

"माणुसकी आहेच हो," यशोधराबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. "पण मी लोकांपुढे काय घेऊन जाऊ? बापाच्या नावाचा गोळा शत्रूवर सुटतो, म्हणून लोक आपली भिंत फोडून देत होते. दुसऱ्याच्या भिंतीला ठिगळ लावायला कोण देईल? त्या ठिगळावरचं नाव कोणाला दिसणार?"

"नावं आतल्या बाजूला ठेवू. आमची मुलं रोज वाचतील. पाठ करतील!"

कोणीतरी हसले. हसणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. एक शास्त्रज्ञ बाई असे काही बोलेल याची त्याला कल्पना नव्हती, इतकेच. मग मतदान झाले. सांजवाडीच्या बाजूने सांजवाडीचे मत पडले. एक बहीण तटस्थ राहिली आणि त्याबद्दल तिने नंतर हेमांगीबाईंना कळवून दिलगिरीही व्यक्त केली.

"आणखी एक लहानशी विनंती," सभा संपताना यशोधराबाई म्हणाल्या. "सातपुत्यांच्या घरच्यांना दाजीबांचा गोळा परत हवाय. युद्धस्मारकात ठेवायचाय. तेवढा पाठवून द्याल ना?"

उदयनगरात त्या दिवशी रोषणाई झाली, साखर वाटली. आपलेच दात आपलेच ओठ, असे म्हणायची पद्धत आहे. पण दात एकाचे आणि ओठ दुसऱ्याचे असले की दात फार लवकर विसरतात.

पडदे काळे झाल्यावर सभागृहात धुरंधर आणि हेमांगीबाई दोघेच उरले. धुरंधरांनी आपली टोपी मांडीवर घेतली होती आणि ते तिचा काठ बोटांनी चाचपत होते. "मी आयुष्यभर ज्याच्याशी लढलो तो नव्हताच," ते म्हणाले. "पण एक सांगू का, बाई? शत्रू होता तेव्हा बरं होतं. सगळे आपल्या बाजूला होते."

थवा हेमांगीबाईंनी सांगितला होता तेव्हाच आला. असलमभाई खडूने भिंतीवर रेघा ओढत आणि करवती त्या रेघांवरून चालत. रेघ ओढायच्या आधी ते प्रत्येक ठिकाणी हाताने थाप मारून बघत. त्या थापेचा आवाज दिवसेंदिवस पोकळ होत गेला. खडीला पुरेल एवढा दगड नव्हता, म्हणून तोफेतून गोळेच सुटत राहिले. येणारे पुष्कळ गोळे अडवले गेले. दोन वस्तीवर बसले, त्यांत सूर्यप्रकाश आत आणणारा एक आरसा फुटला आणि नऊ माणसे गेली. गाभाऱ्यातल्या किरणमापकाचा काटा तांबड्या पट्टीत शिरला आणि तिथेच राहिला. हेमांगीबाई लेकीजवळ बसून त्या काट्याकडे बघत. गणिताने सांगितलेली गोष्ट डोळ्यांदेखत घडताना बघणे यासारखी शिक्षा नाही.

सातव्या महिन्यात ऋचाचे बाळ पोटातच गेले. मुलगा होता.

"मी गप्प बसायला हवं होतं," हेमांगीबाई म्हणाल्या. ऋचाने भिंतीकडे तोंड केले. गाभाऱ्यातल्या दुसऱ्या दोघीही त्याच आठवड्यात रिकाम्या हातांनी घरी गेल्या, आणि गाभाऱ्याचे दार उघडेच राहू लागले. आत कोणाला जायचेच नव्हते.

त्यानंतर धुरंधर एकदा प्रयोगशाळेत आले. थवा ओसरत आला होता. ते पडद्यासमोर बराच वेळ घुटमळले. "बाई, एक शंका. पुढच्यांचे गोळे मागे पडत पडत आपल्यावर आले. आपले गोळेही असेच मागे पडत असतील?"

"हो."

"पण आपल्या मागे तर कोणी नाही. मग ते जातात कुठे?"

हेमांगीबाई दुसऱ्याच कामात होत्या. विद्यार्थ्याने विचारावे आणि शिक्षकाने सांगावे तसे त्या सहज बोलून गेल्या. "मागे पडतच राहतात. कक्षा गोल आहे, साहेब. वर्तुळभर मागे पडत गेले की शेवटी पुढच्या टोकाला येणार."

"म्हणजे आधी कोणावर?"

त्यांचा हात थांबला. प्रश्न कुठे चालला होता ते त्यांच्या आता लक्षात आले, पण उशीर झाला होता, आणि खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. "उदयनगरवर."

"केव्हा?"

"आपण कोणीच नसू तेव्हा. आपल्यानंतर कितीतरी पिढ्यांनी."

"असू दे," धुरंधर म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. सभेपासून ती कोणी त्यांच्या डोक्यावर पाहिली नव्हती.

बातमी वस्तीभर व्हायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी स्मरणगोळे द्यायला तोफखान्यापुढे रांग लागली. थव्यातले शेवटचे थोडे गोळे तेवढे यायचे होते, त्यांना अडवायला इतका दगड नको होता. पण लोक ऐकेनात. असलमभाईंनी हात पसरून भिंतीची आण घातली. "अरे, हिच्यात आता राहिलंय काय? निदान एवढी तरी राखा!"

"कोणासाठी राखायची, भाई?" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारले. "पोरं व्हायची नाहीत इथे."

असलमभाईंचे हात हळूहळू खाली आले. म्हाताऱ्याने कारागिराकडे वळून आपल्या बायकोचे नाव सांगितले. आरसा फुटला तेव्हा गेलेल्या नऊ जणांत ती होती. कारागिराने नाव कोरले, आणि खाली रिवाजाप्रमाणे गावाचे नाव घालायला छिन्नी टेकवली. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. "सांजवाडी नको. लिही, उदयनगरसाठी."

त्याच्या मागच्याने तेच सांगितले, आणि त्याच्याही मागच्याने. कोणाच्या तोंडी शिवी नव्हती की आरडाओरडा नव्हता. आयुष्यभर नसलेला शत्रू अखेर सगळ्यांना मिळाला होता, आणि त्याची त्यांना घाई नव्हती. हेमांगीबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एवढ्या वर्षांत संरक्षणाचा वाटा इतक्या खुशीने देताना त्यांनी कोणालाही पाहिले नव्हते.

ऋचा आली तेव्हा लोकांनी तिला पुढे वाट करून दिली. तिच्या वाट्याचा दगड मोठा नव्हता. गाभाऱ्याच्याच आवरणातून निघालेला होता. कारागिराने छिन्नी पुसली. "बाळाचं नाव काय घालू, ताई?"

"ठेवलं नव्हतं."

"मग तुमचं घालू? आईचं चालतं."

"काही घालू नका. खडी करा."

कारागिराने धुरंधरांकडे पाहिले. धुरंधर पुढे आले, आणि त्यांच्या स्वरात नेहमीचा करडेपणा नव्हता. "पोरी, गोळा पोचतो गं. आज ना उद्या पोचतो. खडी कुठेच पोचत नाही."

"म्हणूनच," ऋचा म्हणाली.

दगड फोडायच्या यंत्राची धूळ झटकावी लागली, इतकी वर्षे ते कोणी चालवले नव्हते. आवाज फार मोठा झाला आणि पटकन थांबला. खडी तोफेत भरली, तोफ सुटली. हेमांगीबाईंनी लेकीचा हात हातात घेतला, आणि ऋचाने तो सोडवून घेतला नाही. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. आधी एक पांढरा ठिपका दिसला, मग त्याचा ढग झाला, मग ढग विरळ होत गेला, आणि मग तिथे काही आहे की नाही ते सांगता येईना.

"पुढचा," कारागीर म्हणाला. रांगेतला माणूस आपला गोळा ढकलत पुढे आला.